डावीकडून झिजलेलं ओगराळं

ताई : माझ्या पिशवीतलं ओगराळं तुझ्या खोक्यात कसं गेलं?

धाकटी : कसली पिशवी? ताई, तू बशा गुंडाळणार होतीस ना? माझी बांधलेली खोकी कशाला उचकतेस? चिकटपट्टी लावून झाली होती त्यांना.

ताई : रद्दी संपली म्हणून उघडलं. आणि विषय बदलू नकोस. हे काय आहे?

धाकटी : ओगराळं.

ताई : ते मला दिसतंय. कोणाचं?

धाकटी : माझं.

ताई : तुझं! हे बघ छोटे, मी वॉर्डात जन्म काढलाय. "सिस्टर, गोळी घेतली" म्हणणारा पेशंट ती उशीखाली दडवतो, हे मला त्याच्या तोंडावरून कळतं. सकाळी आले, पिशवी खुर्चीवर ठेवली, तोंड धुवायला गेले. तेवढ्यात तू हात घातलास, हे काढलंस आणि टॉवेलात गुंडाळून पातेल्यांच्या खाली सारलंस.

धाकटी : मी? तुझ्या पिशवीत हात? अगं, लहानपणी तुझ्या कंपासपेटीला हात लावला तर तू माझी वेणी दाराच्या कडीला बांधली होतीस. तेव्हापासून मी तुझ्या वस्तूंच्या वाटेला जात नाही.

ताई : मग हे आलं कुठून? पितळी, लांब दांड्याचं, कड डावीकडून झिजलेली. असं ओगराळं जगात एकच आहे. पणजीचं.

धाकटी : पणजीचं आहे हे तुला कसं माहीत?

ताई : मला कसं माहीत? मला? आईने स्वतः माझ्या हातात दिलंय ते!

धाकटी : शक्यच नाही.

ताई : का शक्य नाही?

धाकटी : कारण आईने ते माझ्या हातात दिलंय.

ताई : चोराच्या उलट्या बोंबा!

धाकटी : पिशवी बघ. आधी तुझी पिशवी बघ आणि मग मला चोर म्हण.

ताई : बघतेच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही घे पिशवी. हा माझा कमरेचा पट्टा. ही आईची औषधं. हा तिचा स्वेटर. आणि हे बघ, इथे होतं ते...

धाकटी : काय झालं? ताई? अगं बोल ना. खाली बस आधी.

ताई : आहे.

धाकटी : काय आहे?

ताई : माझं ओगराळं. पिशवीतच आहे.

(दोन्ही ओगराळी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली जातात.)

धाकटी : अगं बाई गं.

ताई : दांडा सारखा.

धाकटी : दांड्याचं भोक सारखं. कड पण... इथून उतरत जाते, इथे अगदी पातळ होते आणि परत वर येते.

ताई : थांब, क्रमाने जाऊ. गोंधळ उडाला की आम्ही वॉर्डात पहिल्यापासून सुरुवात करतो. तुला हे कधी मिळालं?

धाकटी : ही जागा भाड्याने घेतली तेव्हा. आई पहिल्याच दिवशी आली, दार लावून घेतलं, खिडकी पण लावली. म्हणाली, तुझी पणजी डावरी होती. जन्मभर डाव्या हाताने पातेल्याचा तळ खरवडला तिने, म्हणून हे डावीकडून झिजलंय. पणजीकडून आजीकडे गेलं, आजीकडून माझ्याकडे आलं...

ताई : "...आणि आता तुझ्याकडे. ज्याच्या हाती हे ओगराळं, त्याच्या पदरी घर. आणि घरातलं म्हातारं माणूससुद्धा."

धाकटी : शब्दाला शब्द! तुला कसं...

ताई : "छोटीला सांगू नकोस. ती लाडकी आहे, तिला वाटेल मलाच मिळायला हवं होतं. मन मोडेल तिचं."

धाकटी : मला म्हणाली, "ताईला सांगू नकोस. ती थोरली आहे, तिचा मान होता. मन मोडेल तिचं."

ताई : माझं लग्न झालं आणि मी निघाले, तेव्हा दिलं मला. मोटार दारात उभी. सगळे खाली वाट बघतायत आणि ही मला मोरीत घेऊन गेली. बाहेरून हे ओरडतायत, अगं उशीर होतोय! मी रडत रडत ओगराळं साड्यांच्या घडीत लपवलं. वाटलं, आपल्या तिघा भावंडांत आईने मला निवडलं.

धाकटी : मलाही तेच वाटलं गं. आणि तेव्हापासून तुझ्याकडे बघितलं की मला चोरट्यासारखं व्हायचं. तू म्हणशील त्याला मी मान डोलवायची, लक्षात आलंय तुझ्या? तुझं ते मोरपिशी सोफ्याचं कापड किती भयंकर होतं! पण मी म्हटलं, छान आहे. मनात यायचं, हिचा मान माझ्या स्वयंपाकघरात पडलाय, निदान सोफा तरी हिच्या मनासारखा होऊ दे.

ताई : ते कापड भयंकर होतं?

धाकटी : ताई, आत्ता सोफा राहू दे. तू हे आज पिशवीत घालून इथे का आणलंस ते सांग. माझ्यापासून लपवायचं होतं ना?

ताई : तुला दाखवायला आणलं.

धाकटी : आजच?

ताई : आजच. टेम्पो यायच्या आत. तू नोकरी सोडलीस, जागा सोडलीस, माझ्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या घेतल्यास आणि मला फोनवर सांगितलंस, "ताई, आता आई माझ्याकडे राहील." विचारलं नाहीस, सांगितलंस. मी फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. माझं काय चुकलं? मी आईला उपाशी ठेवलं, का तिच्यावर ओरडले? मग ठरवलं, हिच्यासमोर ओगराळं ठेवायचं आणि म्हणायचं, बघ, आईने कोणाला निवडलंय ते. आई कुठे जाणार नाही.

धाकटी : आणि मी नोकरी का सोडली, असं वाटतं तुला?

ताई : तूच म्हणालीस, कंटाळा आला.

धाकटी : कंटाळा! चष्म्याच्या काचा घासायचा मला कंटाळा? अगं, दोन बोटांत काच धरली की मला कळतं, हा माणूस वाचायला बसला की डोकं दुखतं म्हणत असणार. पुढच्या महिन्यापासून अख्खा कारखाना माझ्या हाताखाली येणार होता. साहेबांनी माझ्या टेबलाची जागासुद्धा आखून ठेवली होती, खिडकीजवळची.

ताई : मग का सोडलीस गधडे?

धाकटी : मागच्या खेपेला आले तेव्हा तू कमरेला पट्टा बांधून आईला न्हाऊ घालत होतीस. वाकताना तुझ्या तोंडून आवाज निघाला आणि तू लगेच गाणं म्हणायला लागलीस, आईला कळू नये म्हणून. मला घरी आल्यावर झोप येईना. म्हटलं, ओगराळं माझ्याकडे, आणि भार हिच्यावर. निवडलेली मी इथे काचा घासतेय, आणि जिला निवडलं नाही ती तिथे मोडतेय. मग सकाळी उठले, राजीनामा लिहिला.

ताई : अरे देवा.

धाकटी : देवाला कशाला मध्ये आणतेस?

ताई : छोटे, मला मेट्रनची जागा मिळाली होती, आठवतं?

धाकटी : ती ना, तलावाकाठच्या इस्पितळातली? तिथलं पाणी तुला मानवणार नव्हतं.

ताई : पाणी कसलं डोंबलाचं! पाणी काचेसारखं होतं. राहायला घर देणार होते, पुढे बाग, मागे बाग. आई म्हणाली, मला आता नवी जागा सोसायची नाही. तिने जाऊ नकोस असं काही म्हटलं नाही. मीच रात्री स्वयंपाकघरात गेले, हे ओगराळं बघितलं आणि म्हटलं, ज्याच्या हाती हे, त्याच्या पदरी म्हातारं माणूस. सकाळी नाही म्हणून कळवलं. माझ्या हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेली पोरगी गेली तिथे.

धाकटी : भाऊजींना माहीत आहे हे?

ताई : त्यांनाही पाणीच सांगितलंय.

धाकटी : ताई, एक विचारू? हसणार नसशील तर.

ताई : हसायला इथे काय उरलंय?

धाकटी : तू याने ढवळतेस कुठल्या हाताने?

ताई : का?

धाकटी : सांग ना.

ताई : डाव्या.

धाकटी : तू तर चांगली उजवी आहेस!

ताई : पणजीची झीज बिघडू नये म्हणून. माझ्या हातून दुसरीकडून झिजायला लागलं तर? सुरुवातीला निम्मं अंगावर सांडायचं. हे म्हणायचे, तुझ्या उजव्या हाताला काही झालंय का, डॉक्टरला दाखवूया. मी म्हणायचे, डाव्या हाताला व्यायाम हवा. तू का अशी बघतेस माझ्याकडे?

धाकटी : मी पण.

ताई : तू पण काय?

धाकटी : डाव्याच हाताने. मनगट सुजलं होतं माझं एकदा. कारखान्यात सगळ्यांना वाटलं काचा घासून सुजलं, आणि साहेबांनी मला नवीन खुर्ची घेऊन दिली.

ताई : दोघी उजव्या, आणि इतकी वर्षं दोन गावांत दोन चुलींपुढे डाव्या हाताने ढवळतोय.

धाकटी : माझं भिंग कुठेय? थांब, पर्समध्ये असेल. दे ते इकडे. उजेडाकडे ये.

ताई : भिंगातून काय दिसणार?

धाकटी : घासलेलं आणि झिजलेलं यातला फरक दिसतो. दिवसभर तेच करते मी. इतकी वर्षं हे हातात धरलं, पण कधी भिंगाखाली नाही बघितलं. आपल्या पणजीकडे कोण भिंग लावून बघतं? आता हे बघ. झिजलेल्या धातूवर ओरखडे कसेही जातात, आडवे, तिरपे, एकावर एक. मधल्या कडेवर आहेत तसे, ते माझ्या हातचे. पण इथे दांड्याखाली, जिथे घासणी पोचत नाही... ताई!

ताई : काय दिसलं?

धाकटी : सरळ रेघा. सगळ्या एकाच दिशेने.

ताई : म्हणजे?

धाकटी : म्हणजे कानस. कोणीतरी नवंकोरं ओगराळं पकडीत धरून कानशीने झिजवलंय.

ताई : मग तुझं नकली! माझं खरं आहे, आणि आईने तुला नकली...

धाकटी : तुझं दे.

ताई : बघ, बघ. खुशाल बघ.

धाकटी : तुझंही तसंच.

ताई : नीट बघ.

धाकटी : नीटच बघतेय. तुझ्यावर जरा जास्त घाईने मारलीय, एवढंच.

ताई : मी याला रोज कापडाने पुसून ठेवते, तू येणार असलीस की लपवते. कामवालीला हात लावू देत नाही. तिला सांगितलंय, हे फुटेल. पितळ फुटेल! तिने नोकरी सोडली तेवढ्यावरून. आणि याच्यावर कानस?

धाकटी : मला विचारून काय उपयोग? जिने दिलं ती गॅलरीत बसलीय.

ताई : आई! ए आई! आत ये जरा.

आई : काय गं? टेम्पो आला का? मला नीट ऐकू येत नाही इथे.

धाकटी : सकाळी खालच्या मजल्यावरचं भांडण शब्दन् शब्द सांगितलंस ते?

आई : ते मोठ्याने भांडत होते. आले, आले. गुडघ्यांना जरा वेळ लागतो. माझा चहा कुणीतरी... अगो बाई. दोन्ही काढलीत?

ताई : "दोन्ही"! ऐकलंस छोटे? दोन्ही म्हणाली. दचकली नाही, काही नाही!

आई : दचकले की आतून. या वयात बाहेरून दचकलं तर पडायला होतं.

ताई : आई, थट्टा नकोय.

आई : झाकली मूठ सव्वा लाखाची असते. कशाला उघडलीत? चांगली वापरत होतात दोघी.

ताई : यातलं खरं कुठलं? मला एवढंच सांग. पणजीचं या दोनांतलं कुठलं?

आई : दोन नाहीत.

धाकटी : म्हणजे काय, दोन नाहीत?

आई : तीन आहेत. छोटीच्या दादालाही दिलं ना.

धाकटी : दादाला! अगं, त्याने पाठवलेल्या फोटोत कुंड्यांना पाणी घालायला बाल्कनीत एक पितळी... पण ते तर दुसऱ्या बाजूने झिजलेलं होतं! म्हणून तर मी मनातल्या मनात म्हटलं, बिचारा, याला काही मिळालं नाही म्हणून बाजारातून तसलंच आणलंय.

आई : तिसऱ्यापर्यंत तांबटाचा हात भरून आला होता. घाईत उलट्या बाजूने कानस चालवली. म्हटलं, जाऊ दे, त्याला कुठे कळतंय.

ताई : म्हणजे तू स्वतः? तू जाऊन करून घेतलीस?

आई : नाहीतर कोण करणार? तीन नवी घेतली. म्हटलं, तिन्ही सारखीच झिजव, डावीकडून. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बाई, लोक झिजलेलं आणून नवं करून मागतात, नवं आणून झिजवून मागणारी तू पहिली.

ताई : तू हसतेस?

आई : नाही गं, त्याचं तोंड आठवलं.

ताई : आई, मी मेट्रनची जागा सोडली या पितळेपायी! तुझ्या शब्दाखातर. पाणी मानवणार नाही हे सगळं खोटं होतं. मला जायचं होतं. मला त्या बागेत खुर्ची टाकून बसायचं होतं. आणि ही, हिने राजीनामा दिलाय. कंटाळा आला म्हणून नव्हे, तर हिच्या ओगराळ्यापायी!

आई : काय म्हणालीस?

ताई : ऐकू आलं तुला.

आई : छोटे, तुला कंटाळा नव्हता आला?

धाकटी : नाही.

आई : आणि तुला ते पाणी...

ताई : पाणी चांगलं होतं.

आई : मला ती खुर्ची दे. दे गं कोणीतरी. मला वाटलं, तुम्ही मला हौसेने ठेवून घेता. मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या मुली माझ्यासाठी भांडतात. गेल्या आठवड्यात तुम्ही दोघी फोनवर भांडलात तेव्हा मला काय आनंद झाला होता! मी आडून ऐकत होते.

धाकटी : आई, पाणी पी आधी.

आई : तुझा राजीनामा परत घेता येतो का?

धाकटी : साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवतो, मन बदललं तर सांग.

ताई : मग आत्ता फोन लाव.

धाकटी : थांब जरा. मला काय हवंय ते मला कळू दे. आजवर ओगराळंच ठरवत आलंय.

ताई : का केलंस आई? एवढं तरी सांग. आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं?

आई : तुम्ही नाही. आम्ही मारलं होतं. तुमची आजी एकटी राहायची. आम्ही पाच भावंडं, पाचही जण हाकेच्या अंतरावर. थोरल्याला वाटायचं, मधली रोज जाते. मधलीला वाटायचं, धाकट्याचं दुकान शेजारीच आहे, तो डोकावत असेल. धाकट्याला वाटायचं, मी जाते. आणि मला वाटायचं, चौघं आहेत की.

ताई : आई...

आई : थंडीचे दिवस होते. तू तापाने फणफणली होतीस, छोटीचा दादा पोटात होता. मी म्हटलं, दुसरं कोणी जाईल. दुसऱ्याने म्हटलं, तिसरं जाईल. शेवटी दूधवाला माझ्या दारी आला. म्हणाला, तुमच्या आईच्या दारात दूध तसंच पडून नासतंय. किती दिवस झाले होते ते डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नाही.

धाकटी : पण तू तर सांगायचीस, आजी झोपेत गेली. तुम्ही पाचही जण उशाशी होतात.

आई : होतो की. नंतर.

ताई : मी नर्स आहे. मी हे रोज बघते, परक्या लोकांचं. तू माझ्या घरात राहतेस, आणि मला हे माहीत नाही?

आई : सांगण्यासारखं आहे का ते? शेगडीवर पातेलं होतं. ओगराळं त्यात तसंच उभं. तिचं स्वतःचं ओगराळं, डावीकडून झिजलेलं. डावरी ती होती, माझी आई. पणजी कशी होती देव जाणे, मी तिला बघितलंसुद्धा नाही. जरा जुनं वाटावं म्हणून मी एक पिढी मागे ढकललं.

धाकटी : मग ते खरं ओगराळं कुठे आहे?

आई : पातेल्यासकट टाकून दिलं. हात लावायची कोणाची छाती होती? पाचही जण एकमेकांकडे बघत उभे होतो. वर्षभराने मला ते इतकं हवंहवंसं वाटायला लागलं की विचारू नका. कड डोळ्यांसमोर यायची. कुठून उतरते, कुठे पातळ होते, सगळं पाठ होतं मला. तांबटाच्या शेजारी दिवसभर बसून, बोटाने दाखवत करून घेतली ती.

ताई : ते तुझ्या आईच्या आठवणीसाठी झालं. पण आम्हाला फसवायचं कशासाठी?

आई : दोन घरचा पाहुणा उपाशी. माझ्या आईला तर पाच घरं होती. पाच पोरांची आई म्हणजे कोणाचीच आई नसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग मला तीन झाली. म्हटलं, तिघांत मिळून एक आई द्यायची नाही. तिघांना तीन आया द्यायच्या. प्रत्येकाला वाटलं पाहिजे, माझ्याशिवाय हिला कोणी नाही. म्हणून दार लावून घेतलं, म्हणून एकमेकांना सांगू नका म्हटलं. तुम्ही एकमेकींशी बोलला असतात तर दुसऱ्याच दिवशी म्हणाला असतात, ती आहे की.

ताई : म्हणजे तुला भीती वाटली, म्हणून आम्हाला बांधून ठेवलंस.

आई : हो.

ताई : नुसतं "हो"?

आई : मग काय सांगू? खोटं बोलून झालं माझं.

ताई : मी तुला एकटी टाकीन असं तुला वाटलंच कसं? मला ओळखत नाहीस? मी टाकीन?

आई : मला पण नव्हतं वाटलं की मी टाकीन.

धाकटी : थांबा, फोन वाजतोय. हॅलो? हो, टेम्पोवाले ना? बोला. आलात का? नाही, वर नका येऊ इतक्यात. हो, सामान बांधलंय. सगळं बांधलंय, पण कुठे न्यायचं ते अजून ठरलं नाही. हो, मला कळतंय, दुपारपर्यंत ठरलेलं होतं. तुम्ही खाली चहा घ्या ना जरा. मी हाक मारते.

ताई : काय म्हणाला?

धाकटी : म्हणाला, बाई, अशी पार्टी पहिल्यांदाच बघितली.

आई : तांबटासारखाच बोलतो.

ताई : आई, मला एक सांग. हे ओगराळं, ही पणजी, ते मोरीत नेऊन कानात सांगणं, यातलं काही केलं नसतंस आणि नुसतं विचारलं असतंस, "मला ठेवून घेशील का", तर काय बिघडलं असतं?

आई : तू नाही म्हणाली असतीस तर?

धाकटी : मग आता विचार.

आई : आता काय विचारायचं? आता सगळं उघडं पडलंय.

धाकटी : म्हणूनच. आता तुझ्याकडे द्यायला काही नाही. रिकाम्या हाताने विचार.

आई : नका गं. लाज वाटते मला.

ताई : रोज माझ्याकडून पाठ चोळून घेतेस, तेव्हा नाही वाटत?

आई : तेव्हा मला वाटतं, मी हिला काहीतरी दिलंय. त्याच्या बदल्यात घेतेय. आता तसं नाही. आता नुसतं मागायचं.

ताई : हो, नुसतं माग.

आई : दोघींनी माझ्याकडे बघू नका मग. तिकडे खिडकीकडे बघा. हं. मला... मला ठेवून घ्याल का गं?

ताई : हो.

आई : इतक्या पटकन नको म्हणूस. जरा विचार कर, मग म्हण.